फूल ते रोप: नेमकं कुठे अडतं ते कसं ओळखायचं?

रानजाई (धागाकर्ती)

फुलं येतात पण फळ धरत नाही. फळ धरतं पण आतलं बी पोचट निघतं. बी चांगलं टपोरं असतं पण रुजत नाही. या तिन्ही तक्रारींवर सल्ला मात्र एकच ऐकू येतो: खत वाढवा. तिन्हींची कारणं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि खताचा संबंध त्यातल्या जेमतेम एखाद्या टप्प्याशी येतो. म्हणून हा धागा.

टप्पे असे धरूया: कळी धरणं, परागकोश (परागाची पिशवी) भरून फुटणं, पराग कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) पोचणं, परागातून निघालेली नळी म्हणजे परागनलिका बीजांडापर्यंत जाणं, फलन (नर आणि मादी पेशी एक होणं), बी भरणं, बी वाळणं, सुप्तावस्था (बीची झोप) संपणं, रुजणं. एक टप्पा फसला की पुढचं सगळं थांबतं. त्यामुळे गळलेलं फूल, वाकडं फळ किंवा न रुजलेलं बी फेकू नका. ब्लेडने उभं कापा, दहा पट दाखवणाऱ्या भिंगातून पाहा, गाडी कुठवर गेली होती ते कळतं.

सुरुवात अंडाशयापासून. जास्वंद, टोमॅटो, वांगं यांत तो फुलाच्या आत, तळाशी असतो. भोपळा, काकडी, पेरू यांत फुलाच्या खाली. आडवा काप घेतला की आत पांढरट बारीक मणी दिसतात, ती बीजांडं. अंडाशयाचं फळ होतं, बीजांडाचं बी. प्रत्येक बीला स्वतंत्र परागकण लागतो. तीनशे बियांच्या फळाला किमान तीनशे पराग, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट, कारण बरेच पराग वाटेतच संपतात.

आता गळ पाहा. कळी न उमलताच गळली तर पाण्याचा ताण, उष्णता किंवा फुलकिडे. फूल पूर्ण उमललं, अंडाशय मात्र होता तेवढाच राहिला आणि गळला, तर परागीभवन किंवा फलन झालं नाही. अंडाशय फुगून वाटाण्याएवढा, सुपारीएवढा झाला आणि मग गळला, तर तो कापून आत किती बीजांडं वाढलीत ते मोजा. थोडीच वाढली असतील तर पराग अपुरे पडले. सगळी वाढली असतील तर झाडाने ओझं कमी केलं, त्यात दोष काही नाही.

मृद्गंध

छान धागा. मुळात कळीच धरत नसेल तर त्याचं आधी लिहितो.

बऱ्याच झाडांना कळी धरायची वेळ रात्रीच्या लांबीवरून कळते. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखूच्या एका वाणावर हे दाखवलं. त्यांनी दिवसाची लांबी धरली होती, म्हणून 'अल्पदिनी' आणि 'दीर्घदिनी' हे शब्द पडले आणि अजून चालतात. १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी गोखरूसारखी काटेरी फळं धरणाऱ्या झँथियमवर प्रयोग केले तेव्हा उलगडलं की झाड मोजतं ते सलग अंधाराला. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला तरी कळी धरत नाही.

गॅलरीतली शेवंती नुसती पानांनी भरते आणि फुलत नाही, तिथे आधी रात्रीचा दिवा पाहावा. शेवंतीला रोज सलग १२ तासांहून जास्त अंधार हवा. पॉइन्सेटियाला १४ तास, आठ ते दहा आठवडे, एकही रात्र न चुकवता. संध्याकाळी खोका पालथा घालून सकाळी काढला तरी काम होतं. खोक्याच्या फटीतून उजेड येत नाही ना ते आत डोकं घालून पाहा.

दुसरं कारण नत्र. पानं गडद, मोठी, मऊ आणि कांड्या लांब असतील तर नत्र जास्त झालं. तिसरं वय. बियांपासून केलेलं झाड ठरावीक वयाचं होईपर्यंत फुलतच नाही, त्याला उपाय थांबणं हाच. कलम फुललेल्या झाडाच्या फांदीचं असतं, म्हणून ते लवकर फुलतं.

पागोळी

दुधीच्या वेलावर मादी फुलं आहेत, खालचं इवलं फळ पिवळं पडून गळतं. रोज सकाळी आठ वाजता नर फूल तोडून हाताने पराग लावूनही फरक नाही. काय चुकतंय?

काटेसावर

पागोळी, वेळ चुकतेय. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रभर उघडं असतं. पतंगांसाठी आहे ते. सकाळी आठपर्यंत कुक्षी सुकायला लागलेली असते. सूर्य मावळताना, फूल नुकतं उघडलं की पराग लावा.

वेलवर्गात हे नेहमी गोंधळतं. दुधी, दोडका आणि पडवळ संध्याकाळचे. लाल भोपळा, कारलं, काकडी आणि घोसाळं पहाटे ते सकाळचे. दोडका आणि घोसाळं सख्खी भावंडं, दोघांची फुलं पिवळी, पण दोडका संध्याकाळी उमलतो आणि घोसाळं पहाटे.

लाल भोपळ्याची पूर्ण कृती देतो, कारण बी शुद्ध हवं असेल तर एवढं करावंच लागतं. शेजारी त्याच जातीचा दुसरा वाण असला तर मधमाशी मिसळ करणारच.

आदल्या संध्याकाळी उद्याच्या कळ्या ओळखा. टोकाचा हिरवा रंग जाऊन ते पिवळं-केशरी झालेलं असतं, पण पाकळ्या अजून मिटलेल्या. एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या, शक्यतो वेगळ्या वेलावरच्या. सगळ्यांची टोकं दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने बंद करा. आपोआप उमललेलं फूल घेऊ नका, त्यात माशी आधीच येऊन गेलेली असते.

सकाळी सूर्योदयानंतर दोन तासांच्या आत नर फूल लांब देठासकट तोडा आणि पाकळ्या सोलून टाका. मध्ये उरतो तो पिळाचा पिवळा स्तंभ, परागकोश एकमेकांना चिकटून झालेला. बोट लावून पाहा, पिवळी पूड लागली पाहिजे. ओलसर गोळा लागला तर ते फूल सोडा. मग मादी फुलाची पट्टी काढा, पाकळ्या फाटू देऊ नका. आत कुक्षीचे तीन जाड पाळे असतात, प्रत्येक मधून दुभंगलेला. नराचा देठ ब्रशसारखा धरून तिन्ही पाळ्यांवर, बाहेरच्या कडांवरसुद्धा, हलक्या हाताने फिरवा. एका बाजूला खूप आणि दुसरीकडे काहीच नाही असं झालं तर फळ एका अंगाने फुगतं, दुसरीकडे बसकं राहतं. दोन-तीन नर फुलं वापरायची ती याचसाठी. लगेच पाकळ्या मिटवून परत बांधा आणि देठाला रंगीत लोकर बांधून खूण करा.

चार-पाच दिवसांत अंडाशय तकतकीत होऊन वाढताना दिसतो. फसलं तर तो टोकाकडून पिवळा पडत जातो. बी घ्यायचं फळ देठ लाकडासारखा होईपर्यंत वेलावर राहू द्या आणि तोडल्यावरही आणखी तीन आठवडे अख्खं ठेवा. या काळात बी आतल्या आत भरत असतं. घाईने कापलेल्या भोपळ्यात बी चपटं निघतं ते यामुळे.

पागोळी

संध्याकाळचं लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद. नर फुलंच जास्त येतात त्याला काही करता येतं का?

काटेसावर

सुरुवातीचे दोन आठवडे नर फुलंच येणं हा वेलाचा स्वभाव आहे, तेव्हा काही करू नका. त्यानंतरही मादी फुलं दिसत नसतील तर उष्णता, लांब दिवस आणि जादा नत्र हे तिन्ही नराकडे झुकवतात. शेतीत दोन पानांवर आणि पुन्हा चार पानांवर असताना इथ्रेल या वाढ-नियंत्रक रसायनाची १५० ते २०० पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग) फवारणी करतात, ती मादी फुलं वाढवते. वेल फुलावर आल्यावर फवारून काही होत नाही. कुंडीतल्या एका वेलासाठी मी सुचवणार नाही. मात्रा थोडी चुकली तरी वाढ खुंटते.

तुरा

एक शंका. फळ धरलं याचा अर्थ परागीभवन झालंच ना?

रानजाई

नाही. काकडीचे काही वाण परागाशिवाय फळ धरतात, बंदिस्त हरितगृहात तेच लावतात. केळंही तसंच. बिनबियांच्या कलिंगडाची तर आणखी वेगळी तऱ्हा: त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी तयार होत नाही, पण फळ फुगायला परागाचा इशारा मात्र लागतो. म्हणून शेतात मध्ये मध्ये साध्या कलिंगडाचे वेल लावावेच लागतात. असे बिनबियांचे वाण सोडले तर परागीभवन झालं की नाही हे फळ कापून बी पाहूनच ठरवायचं.

देठ

पराग कुक्षीवर पडल्यानंतर काय होतं त्यावर सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यातले बरेचसे घोटाळे तिथेच होतात.

कोरडा परागकण कुक्षीच्या ओलाव्यातून पाणी घेतो, फुगतो आणि एका छिद्रातून नळी बाहेर काढतो. १८२४ मध्ये इटलीच्या आमीचींना घोळीच्या कुळातल्या फुलाच्या कुक्षीवर ही नळी प्रथम दिसली. ती कुक्षीवृंताच्या, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्याच्या, आतून वाट काढत जाते. मक्याच्या कणसातला एकेक रेशमी धागा म्हणजे कुक्षी आणि कुक्षीवृंत. तो ३० सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकतो, आणि परागनलिका ते अंतर साधारण एका दिवसात कापते. एका धाग्यामागे एक दाणा. कणसाच्या टोकाकडचे धागे सर्वांत शेवटी बाहेर येतात, तोवर तुऱ्यातले पराग संपले असले तर टोक दातपडकं राहतं.

नळीतून दोन पुंयुग्मक (नर पेशी) जातात. बीजांडाला एका टोकाशी सुईच्या अग्राएवढं छिद्र असतं, बीजांडद्वार. आत भ्रूणकोश: बहुतेक सपुष्प वनस्पतींत सात पेशी, आठ केंद्रकं. दाराशी अंडपेशी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सहाय्यक पेशी. या सहाय्यक पेशी रसायन सोडून नळीला दाराकडे बोलावतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये टोरेनियाच्या फुलात ही रसायनं ओळखली. नळी एका सहाय्यक पेशीत शिरून फुटते. एक पुंयुग्मक अंडपेशीशी एकरूप होतं, त्याचा भ्रूण होतो. दुसरं मध्यपेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळून गुणसूत्रांच्या तीन संचांचा भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचं अन्न, तयार करतं. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये नवाशिन यांनी लिलीच्या कुळात दाखवलं. कोवळ्या शहाळ्याचं पाणी म्हणजे हाच भ्रूणपोष, हजारो केंद्रकं पाण्यात तरंगत असलेला. पेशीभित्ती तयार होतात तेव्हा त्याचं खोबरं होतं.

पोचट बीचं उत्तर यात आहे. बीचं कवच बीजांडाच्या आवरणापासून, म्हणजे आईच्या पेशींपासून होतं. आतला भ्रूणपोष बिघडला तर भ्रूण उपाशी मरतो, कवच मात्र बाहेरून बीसारखंच दिसतं. दूरच्या जातींचा संकर केला की हे हमखास होतं.

दवबिंदू

टोमॅटोची फुलं कडक उन्हाळ्यात गळतात. फुलं आल्यावर सावलीची जाळी लावूनही आठवडाभर गळ चालूच राहते. जाळीचा उपयोग नाही का?

देठ

उपयोग आहे, पण उशिरा दिसतो. टोमॅटोचा पराग सर्वांत नाजूक असतो तो फूल उमलण्याच्या आधीच्या आठ ते तेरा दिवसांत, कळी इवलीशी असताना. त्या वेळी दिवसा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्री २१-२२ च्या वर तापमान राहिलं तर पराग आतल्या आत निकामी होतात. आज उमललेलं फूल दीड आठवड्यापूर्वीच्या उन्हाचं फळ भोगतंय. जाळी लावल्यापासून दोन आठवडे थांबा, मग निवाडा करा. रात्रीची उष्णता जास्त बाधते, म्हणून तापलेल्या भिंतीपासून कुंड्या दूर घ्या.

पराग चांगले असूनही पडत नसतील तर वेगळं. टोमॅटोचे परागकोश कुक्षीभोवती नळकांडं करून असतात आणि आतल्या बाजूने फुटतात. भुंग्याच्या कंपनाने किंवा वाऱ्याने पराग आतच कुक्षीवर सांडतात. बंद गॅलरीत वारा नसेल तर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान घोसाच्या देठाला विजेवरचा टूथब्रश क्षणभर टेकवा. हवा फार दमट असेल तर पराग गोळा होऊन बसतात, तेव्हा दुपारपर्यंत थांबा.

पराग जिवंत आहेत का हे घरीही पाहता येतं. शंभर मिली ऊर्ध्वपातित पाण्यात १० ग्रॅम साखर, १० मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. इतकं बारीक वजन घरी होत नाही, म्हणून १ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड १०० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिली घ्या. कॅल्शियम नायट्रेट ३ ग्रॅम १०० मिलीत, त्यातलंही १ मिली. काचपट्टीवर या द्रावणाचा थेंब, त्यावर ताजे पराग, आणि पट्टी ओला टिपकागद घातलेल्या डबीत झाकून. सरावासाठी तेरड्याचे किंवा सदाफुलीचे पराग घ्या, १५ ते ३० मिनिटांत सूक्ष्मदर्शकात नळ्या दिसतात. तेरड्याच्या नळ्या उगवल्या आणि तुमच्या झाडाच्या त्याच पद्धतीत नाही उगवल्या तर पराग मेलेले असण्याची शक्यता मोठी. पण प्रत्येक जातीला साखरेचं प्रमाण वेगळं लागतं, ५ आणि १५ टक्क्यांवर करून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

तुरा

जास्वंदीला कधीच बी का धरत नाही? पुंकेसर, स्त्रीकेसर दोन्ही एकाच फुलात आहेत की.

मृद्गंध

दोन्ही असले तरी एकमेकांना चालतीलच असं नाही. बागेतल्या जास्वंदी पिढ्यान्‌पिढ्या संकर होत आलेल्या आहेत, गुणसूत्रांचे संच कमीजास्त झालेले, त्यामुळे पुष्कळांचे पराग किंवा बीजांडं वांझ असतात. वेगवेगळ्या दोन-तीन झाडांचे पराग आळीपाळीने लावून पाहावेत. लांब नळीच्या टोकाला पाच गोल, केसाळ टिकल्या असतात, त्या कुक्षी. नळीवरचे पिवळे ठिपके परागकोश. सकाळी दहाच्या सुमारास पाचही टिकल्या परागाने झाकून टाका. धरलं तर बोंड वाळून फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. फूल तिसऱ्या दिवशी गळलं तर नाही धरलं, दुसरी जोडी पाहा.

स्वतःचे पराग टाळायच्या तऱ्हा इतक्या आहेत की त्यावर वेगळा धागा होईल. सूर्यफुलाच्या चकतीतल्या प्रत्येक बारीक फुलात आधी पराग बाहेर ढकलले जातात, कुक्षीची दोन टोकं नंतर उलगडतात. मोहरीवर्गातल्या बऱ्याच जातींत कुक्षी आपल्याच झाडाचा पराग ओळखून त्याला रुजूच देत नाही. पपईत झाडंच नर, मादी आणि उभयलिंगी. नराची फुलं लांब लोंबत्या देठावर घोसाने, मादीची मोठी, खोडालगत. व्हॅनिलात पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि फूल एकच सकाळ टिकतं. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या गुलामीत असलेल्या बारा वर्षांच्या मुलाने काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती काढली. व्हॅनिलाची लागवड आजही त्याच हालचालीवर चालते.

उलट गुलबक्षी पाहा. संध्याकाळी फूल उघडतं तेव्हा कुक्षी पुढे असते, परक्या परागाची वाट पाहत. कोणी आलं नाही तर मिटताना पुंकेसर आणि कुक्षीवृंत एकत्र गुंडाळले जातात आणि स्वतःचा पराग लागतो. म्हणून तिला बी धरलं नाही असं सहसा होत नाही.

पागोळी

बी कधी काढायचं आणि कसं ठेवायचं यावर कोणी लिहाल का?

रानजाई

लिहिते. फळ खायला तयार होणं आणि बी तयार होणं वेगळं. भेंडी, काकडी, वांगं आपण बी कोवळं असतानाच खातो. बियांसाठी भेंडी झाडावर वाळून शिरा फुटायला आली पाहिजे, काकडी पिवळी-तपकिरी झाली पाहिजे. मक्याच्या दाण्याच्या टोकाशी, कणसाला चिकटतो तिथे, काळी रेघ आली की त्यात अन्न जाणं थांबलं. भरतं तोवर बीत पाणी खूप असतं, वाळून ते १०-१५ टक्क्यांवर येतं, आणि या वाळण्याच्या काळातच भ्रूण कोरडेपणा सोसायला शिकतो. हिरवी शेंग तोडून उन्हात वाळवली तर ते शिक्षण अर्धवट राहतं.

टोमॅटोच्या बियांभोवतीचा गर रुजणं रोखतो. गरासकट बी भांड्यात काढून दोन दिवस सावलीत आंबू द्या, दिवसातून दोनदा ढवळा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट आणि साका वर येतो. लगेच धुऊन ताटलीत पसरा, कागदावर नको, चिकटतं. तीन-चार दिवस तसंच ठेवलं तर भांड्यातच मोड येतात. पपईच्या बीवरची पारदर्शक पिशवी बोटांनी चोळून काढली तरी चालते.

साठवणीसाठी हॅरिंग्टनचा ठोकताळा धरा: बीतला ओलावा १ टक्का कमी केला की आयुष्य दुप्पट, तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे १० टक्के ओलावा आणि ३० अंश यांच्याऐवजी ८ टक्के आणि २० अंश ठेवलं तर दोनदा दुप्पट, वर आणखी दोनदा दुप्पट, सोळा पट. ५ टक्क्यांच्या खाली मात्र तो लागू नाही. बियांच्या वजनाइतकं सुकं सिलिका जेल घालून बरणी आठवडाभर बंद ठेवा, मग बी हवाबंद पाकिटात घालून फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

आंबा, फणस, जांभूळ यांना हे काहीच चालत नाही. त्यांचं बी वाळवलं की मरतं. फळातून काढून धुतलं की लगेच लावायचं. कडुनिंबाचं बीही काही आठवड्यांत ताकद घालवतं.

दवबिंदू

बहावा आणि गुलमोहराच्या बिया दोन महिने कुंडीत तशाच आहेत. कुजल्या नाहीत, रुजल्याही नाहीत.

काटेसावर

कुजल्या नाहीत म्हणजे बहुधा पाणीच आत गेलेलं नाही. त्यांचं कवच जलरोधक असतं. उकरून काढा. नाभीच्या (बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या डागाच्या) विरुद्ध गोलाकार टोकाला कानशीने किंवा नेलकटरने फक्त कवच जाईल इतकंच घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. नाभीकडे मूलांकुराचं (पुढे मूळ होणाऱ्या भागाचं) टोक असतं, तिथे घासू नका. मग कोमट पाण्यात १२ ते २४ तास. ज्या फुगून दुप्पट झाल्या त्याच लावा, जशाच्या तशा राहिल्या त्या पुन्हा घासा. बिया खूप असतील तर पाणी उकळून आच बंद करा, त्यात बिया टाका आणि पाणी आपोआप निवेपर्यंत राहू द्या. आचेवर ठेवून उकळल्या तर मेल्या.

मृद्गंध

पूरक माहिती: पाणी आत जाऊनही न रुजणाऱ्या बिया वेगळ्या. सफरचंद, गुलाब यांना ओल्या वाळूत ४-५ अंशांवर काही आठवडे ते काही महिने थंडी लागते. पेटुनिया, घोळीची फुलं अशा धुळीसारख्या बियांना उजेड लागतो, मातीवर नुसत्या टेकवायच्या. लेट्यूसच्या बियांना तांबडा उजेड दिला तर रुजतात, त्यापुढचा अतितांबडा दिला तर थांबतात, आणि शेवटी कोणता दिला त्यावर निकाल ठरतो, हे १९५२ मध्ये दाखवलं गेलं. पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा भाग उरलेला नसतो, त्यामुळे बीला डोक्यावर सावली आहे हे कळतं. बिया किती थांबू शकतात याची मोठी चाचणी विल्यम बील यांनी १८७९ मध्ये मिशिगनमध्ये सुरू केली, बियांच्या २० बाटल्या पुरून. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या व्हर्बॅस्कम या रानटी झाडाच्या बिया १४२ वर्षांनी रुजल्या.

तुरा

रुजताना बीच्या आत काय चालतं ते प्रत्यक्ष पाहायचं असेल तर?

देठ

घेवड्याची किंवा वालाची मोठी बी आठ तास भिजवा आणि फडक्याने कोरडी पुसा. नाभीचा लांबट डाग दिसेल. आता बी दोन बोटांत हळू दाबा. नाभीच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाण्याचा एक थेंब बाहेर येतो. हेच बीजांडद्वार. परागनलिका याच दारातून आत आली होती. साल सोला, दोन डाळिंब्या अलग करा: मूलांकुराचं टोक बरोबर त्या छिद्राकडे वळलेलं असतं, आणि दोन दिवसांनी तो बाहेर पडतो तोही तिथूनच. (नलिका प्रत्येक झाडात या दारानेच येते असं नाही. सुरूच्या झाडात ती मागच्या बाजूने शिरते.)

पाणी शोषणं हा पहिला टप्पा आणि तो मेलेल्या बीतही होतो, म्हणून बी फुगलं याचा अर्थ जिवंत आहे असा नाही. जिवंत बीत मग भ्रूण जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. मक्यासारख्या धान्यात ते दाण्याच्या सालीखालच्या थरात पोचतं, तिथे अमायलेज हे विकर तयार होतं आणि पिठाची साखर होऊ लागते. या वेळी श्वसन जोरात असतं. बी पाण्यात बुडवून चोवीस तासांवर ठेवलं तर प्राणवायूअभावी गुदमरतं, पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो. घेवड्याला आठ तास पुष्कळ. फार वाळलेलं बी एकदम गार पाण्यात टाकलं तरी पेशींची आवरणं फाटतात. आधी एक दिवस ओल्या फडक्यावरच्या हवेत ठेवून मग भिजवा.

उगवणक्षमता पाहायला १०० बिया, २५-२५ च्या चार ओळीत, ओल्या पण न टपकणाऱ्या टिपकागदात गुंडाळा. मोड आलेल्या सगळ्या मोजू नका. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपं मोजा.

तापमानाकडे फार दुर्लक्ष होतं. टोमॅटोचं बी २५ अंशांवर सहा दिवसांत वर येतं, १५ वर दोन आठवडे, १० वर सहा आठवडे. मिरची २५ वर आठ दिवस, १५ वर साडेतीन आठवडे. एवढा काळ ओल्या गार मातीत बी पडलं की बुरशी आधी पोचते. रोप वर येऊन मातीलगत बारीक होऊन कोलमडलं तर तीच बुरशी. पाणी कमी, हवा जास्त, आणि कोकोपीट नवीन.

पागोळी

शेवटचा प्रश्न. भोपळा आणि कारल्याची रोपं वर येतात पण डोक्यावर बीचं टरफल अडकून राहतं आणि पानं उघडत नाहीत. ओढून काढलं तर एक डाळिंबी तुटते.

काटेसावर

बी उथळ लावलं गेलंय किंवा वरची माती वाळतेय. भोपळ्याचं मूळ टोकदार बाजूने बाहेर येतं. त्याच वेळी मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे खालच्या अंगाला एक छोटी खुंटी वाढते. ही खुंटी खालच्या अर्ध्या टरफलाला दाबून धरते आणि वरचं खोड कमानीसारखं ताणून डाळिंब्या टरफलातून उपसून घेतं. वरून मातीचा दाब नसेल तर टरफल खुंटीबरोबर खाली राहत नाही, डोक्यावर चढून येतं. बी टोकावर उभं लावलं तर खुंटीला पकडायला कडाच नीट मिळत नाही.

भोपळ्याचं बी आडवं ठेवा, वर दीड-दोन सेंटीमीटर माती घ्या आणि ती हाताने हलकी दाबा. कारल्याचं आडवं, एक-दीड सेंटीमीटर. कोंब वर येईपर्यंत वरचा थर वाळू देऊ नका.

आत्ता अडकलेल्या टरफलावर ओल्या कापसाचा बोळा तासभर ठेवा. मऊ झालं की दोन्ही कडा चिमटीत हलकेच दाबा, ओढू नका. शिवण उकलते आणि डाळिंब्या स्वतःच्या जोराने बाहेर येतात. एका वेळी नाही उकललं तर बोळा परत ठेवा आणि संध्याकाळी पाहा.